मुगाच्या कुंड्यांचा प्रयोग: चल कोणता, आणि सारखं काय ठेवायचं?

ताई, तुमच्या लेकीची मांडणी अशी आहे ना: तीन कुंड्यांत मूग, रोज 10, 25 आणि 50 मिली पाणी, पहिली कुंडी गॅलरीत, बाकी दोन स्वयंपाकघराच्या खिडकीत. आणि वहीत तिने 'दिवस' हा स्वतंत्र चल, म्हणजे प्रयोगात आपण मुद्दाम बदलतो ती गोष्ट, असं लिहिलंय.

दिवस तिन्ही कुंड्यांना सारखेच मिळतात. ती स्वतः बदलतेय ते पाणी, म्हणून पाणी स्वतंत्र चल. त्यामुळे फरक पडतो का हे बघायला मोजायची ती उंची, म्हणजे अवलंबी चल.

पण खरी गडबड गॅलरीत आहे. तिथल्या कुंडीला पाणी कमी आणि ऊन जास्त. ती मागे राहिली तर कशामुळे, हे कोणीच सांगू शकणार नाही. तिन्ही एकाच खिडकीत आणा.

मातीकडेही लक्ष द्या. आपल्या माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते, नर्सरीतलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळलेलं मिश्रण वेगळं वागतं. तेव्हा एकाच ढिगातली माती, एकाच मापाच्या कुंड्या आणि तळाला सारखीच भोकं हवीत. भोक नसेल तर 50 मिलीवाल्या कुंडीत पाणी साचतं, मुळांना हवा मिळत नाही आणि जास्त पाण्याचं रोपच आधी मान टाकतं. इंदूरात बऱ्याच घरी नर्मदेचा नळही असतो आणि बोरिंगही. बोरिंगच्या पाण्यात क्षार बरेचदा जास्त असतात, म्हणून दोन्हींपैकी एकच शेवटपर्यंत वापरा.

पुढे तिला उजेडावर प्रयोग करायचा झाला, तर नुसत्या उंचीवर विसंबू नका. कपाटात ठेवलेला मूग खिडकीतल्यापेक्षा उंच होतो! बियातला साठा खर्चून तो उजेड गाठायला खोड लांबवत नेतो. हात लावून बघा: खोड बारीक, पानं चिमुकली, पिवळट. फक्त पट्टी लावणारं मूल 'अंधारात वाढ चांगली होते' असं लिहून मोकळं होईल, आणि आकडा खरा असूनही निष्कर्ष चुकेल. तिथे पानांची संख्या, रंग आणि खोडाची जाडीही नोंदवायला सांगा.

आणि कुंडीत एकच दाणा नको. एखादा मूग मुळातच कमजोर निघतो. प्रत्येकीत पाच-सहा दाणे सारख्या खोलीवर पेरा, मातीपासून शेंड्यापर्यंत रोज ठरलेल्या वेळी मोजा आणि सरासरी लिहा. न उगवलेले दाणे सरासरीत शून्य धरू नका, त्यांचा रकाना वेगळा ठेवा.