पहिली गळाभेट जरा लांबणीवर टाक

ताई, चार वर्षांनी मुलांना घेऊन माहेरी जातेय. परदेशातून येणार, घड्याळ आठ तास मागे जाणार. मुलगी सात वर्षांची, मुलगा तीन. माहेरी आईबाबा, दादा-वहिनी आणि त्यांची पाच आणि दोन वर्षांची मुलं. गेल्या खेपेला मुलगी आजीला बघून माझ्यामागे लपली आणि आई दोन दिवस हिरमुसली होती. मुलाने तर आजी फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलीय. बाबांना हल्ली कमी ऐकू येतं, मुलीला तेच तेच परत सांगायचा कंटाळा येतो. त्यात भाचा आत्तापासूनच म्हणतोय, "मी माझी खोली देणार नाही." नवरा दहा दिवसांनी येणार. हातात तीनच आठवडे. पहिले दिवस रडारडीत गेले तर?
– धास्तावलेली माहेरवाशीण

अगं, पत्रात तू सगळ्यांच्या रुसव्याफुगव्यांची काळजी केलीस. पण या भेटीत ज्याचं खरोखर काही जाणार आहे तो तुझा भाचा, आणि त्याला तू एका वाक्यात उरकलंस. म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच.

त्याच्या बाजूने बघ. खोली जाणार, खेळणी जाणार, आणि आजवर फक्त त्याचे नि त्याच्या बहिणीचे असलेले आजीआजोबा तीन आठवडे पाहुण्यांचे होणार. वर येताजाता कुणीतरी म्हणणार, "मोठा आहेस ना, दे त्याला." तुझ्या मुलापेक्षा तो मोठा आहे तो जेमतेम दोन वर्षांनी! तेव्हा शक्य असेल तर त्याची खोली घेऊच नकोस. बाहेरच्या खोलीत गाद्या टाकून तुम्ही तिघं झोपा, मुलांना तीच गंमत वाटेल. वहिनीला सांग, तुम्ही पोचायच्या आदल्या दिवशी त्याला आवडीची चार-पाच खेळणी निवडू दे. ती कपाटात, किल्ली वहिनीकडे, त्यांना कुणी हात लावायचा नाही. बाहेर राहील ते सगळ्यांचं. आणि आजोबांबरोबर त्याचा रोजचा काही कार्यक्रम असेल, शाळेत सोडणं म्हण, संध्याकाळचा फेरफटका म्हण, तर पहिला आठवडा तो त्या दोघांचाच राहू दे. "यांनाही घेऊन जा ना" असं तुझ्या तोंडून येता कामा नये.

चौघं लगेच गळ्यात गळे घालून खेळतील ही आशाही सोड. दोन-तीन वर्षांची मुलं बरेचदा एकमेकांशी खेळत नाहीत, एकमेकांच्या शेजारी बसून आपापलं खेळतात. ते भांडण नव्हे, त्या वयाची रीतच आहे. भेटवस्तूंची बॅग मात्र आल्या आल्या उघडू नकोस. दोन-तीन दिवस जाऊ देत, आणि त्यात एक तरी वस्तू चौघांत मिळून एकच असू दे.

आता झोप. शरीराचं घड्याळ ढोबळमानाने दिवसाला तासभर सरकतं, म्हणजे आठ तासांच्या फरकाला आठवडा लागला तरी नवल नाही. तुम्ही पश्चिमेकडे जाताय, हे त्यातल्या त्यात बरं. बहुतेकांचं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असतं, त्यामुळे उशिरा झोपणं लवकर झोपण्यापेक्षा सोपं जातं. तरी पहिल्या संध्याकाळी पाचलाच पोरं पेंगायला लागतील, आणि पहाटे तीनला टक्क जागी होतील. उपाय उजेडाचा: दुपार उतरली की मुलांना अंगणात, गच्चीत, जिथे उजेड असेल तिथे काढ आणि सात-साडेसातपर्यंत कशीबशी जागी ठेव. पहाटे उठली तर दिवे मंद, पडदे बंद. झोपेचं औषध किंवा मेलाटोनिन मनाने देऊ नकोस, आधी मुलांच्या डॉक्टरांना विचार.

आणि त्या पहाटेचा उपयोग करून घे. वय झालं की झोप लवकर लागते नि लवकर उघडते, त्यामुळे पाचला बाबा उठलेले असण्याची शक्यता बरीच आहे. सगळं घर झोपलेलं, टीव्ही बंद, आणि सात वर्षांची नात समोर. बाबांच्या कानांसाठी याहून चांगली वेळ नाही. वयानुसार येणाऱ्या बहिरेपणात आधी उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणजे लहान मुलांचा आवाज नि स, श, फ यांसारखी अक्षरं. म्हणून त्यांना दादाचं बोलणं कळतं आणि नातीचं सुटतं. मुलीला हे सरळ सांग, तिला समजेल. ओरडायचं नाही, समोर बसून तोंड दिसेल असं सावकाश बोलायचं. आजोबा आपल्याकडे दुर्लक्ष करतात असं वाटणं थांबलं की तिचा निम्मा वैताग जाईल.

आईचं मात्र तुलाच बघावं लागेल. विमानतळावर ती हात पसरून उभी राहणार आणि तीन वर्षांचा मुलगा तुझ्या खांद्यात तोंड खुपसणार, हे धरूनच चाल. पडद्यावरची आजी तळहाताएवढी, हवं तेव्हा बंद करता येणारी. समोरची अंगाने मोठी, आवाजाने मोठी, आणि थेट उचलून घ्यायला निघालेली. म्हणून निघण्याआधी फोनवर आईला सांग: "पहिले दोन दिवस त्याच्याकडे बघूही नकोस. माझ्याशी बोल, तो ऐकत बसेल." तिला हे लागेल. लागू दे. मग त्याला काहीतरी काम दे, ज्यात आजी लागते: धुतलेले रुमाल तिच्या हातात द्यायचे, झाडांना पाणी घालताना झारी धरायची. कामाच्या नादात मुलं जवळ येतात. "आजीला पापी दे" म्हटलं की लांब पळतात, आणि पळाली की सगळे त्यांनाच हट्टी म्हणतात, हे मला अजिबात पटत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: तू एकटी मुलांना घेऊन निघतेयस, तेव्हा नवऱ्याचं संमतीपत्र लागतं का ते विमान कंपनीला आणि त्या देशाच्या वकिलातीला आत्ताच विचार. काही देश मागतात. मुलांची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत ठेव.

वहिनीला या आठवड्यातच फोन कर, आणि आईला मध्ये न घेता. खोलीचं तूच आधी काढ, म्हणजे तिला कानकोंडं व्हावं लागणार नाही. मग भाच्याला फोनवर बोलाव आणि विचार, आत्याने गाद्या कुठे टाकायच्या. तो सांगेल तिथे टाका.