फिल्टर आधी परत बसव, मग खारदुंगलाचं बोलू

भावा, तासगावहून निघालास, मनाली-लेह रस्त्यावरची बारालाचा खिंड चढताना बाईकचा दम गेला, मागे काळा धूर, प्लग काजळीने माखलेला. मग पुढे पांग या मुक्कामाच्या ठिकाणी कुणीतरी एअर फिल्टर काढून हातात दिला आणि 'गाडी सुसाट पळाली'. हे वाचताना मला माझं 2010 साल आठवलं. फरक एवढाच, की मी सातारचा आणि फिल्टर मी माझ्याच हाताने काढला होता. आता लेहमधून तू विचारतोयस, की पुढे खारदुंगलाच्या उंच खिंडीला फिल्टरविनाच असाच जाऊ का. अजिबात नाही. संध्याकाळी बाजारात जाऊन नवा फिल्टर घेऊन बसव आणि मग पुढचं वाच.

गाडी पळाली हे खरंच आहे, म्हणून तर सगळे फसतात. सतरा हजार फुटांवर हवा आपल्याकडच्या निम्मी. इंजेक्शनच्या गाडीला सेन्सर असतो, तो पेट्रोल कमी करतो. कार्बोरेटरला, म्हणजे जुन्या पद्धतीच्या गाडीत हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाला, काय कळतंय? तो हवा कमी झाली तरी पेट्रोल जवळपास तेवढंच ओततो. फिल्टर काढला की हवेची वाट थोडी मोकळी होते, बास. निघण्याआधी मी यवतेश्वरच्या घाटातून दोघं बसून, सामान बांधून तीनदा वर-खाली केलं होतं. क्लच तपासायला ते उत्तम, पण कासचं पठार 1,200 मीटरच्या आसपास. तिथे कार्बोरेटर कुरकुरतही नाही.

माझा घोळ झाला तो पांगच्या पुढच्या मोरेच्या पठारावर. तेव्हा तिथे आजच्यासारखं डांबर नव्हतं, पिठासारखी धूळ आणि चाळीसेक किलोमीटर सपाटी. पुढे ट्रक, मागे मी, आणि कार्बोरेटरचं तोंड उघडं. गाडी मस्त चालत होती म्हणून मी खुशीत होतो. फिल्टर बॅगेत, चड्डीबनियनच्या खाली!

घरी आल्यावर दोन महिन्यांत तेल प्यायला लागली. इथे अधिकृत म्हणवणाऱ्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये (नाव घेत नाही, उगाच वाद नको) तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा प्लग बदलला. दुसऱ्यांदा कार्बोरेटर धुतला. तिसऱ्यांदा काउंटरवरचा साहेब म्हणाला, "डोंगरात नेली की असं व्हायचंच." प्रत्येक वेळी बिल वेगळं आणि धूर तोच. धूर निळसर होता राव! काळा धूर पेट्रोलचा, निळा तेलाचा, एवढं तर शिकाऊ पोरालाही कळतं. शेवटी गोडोलीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने कार्बोरेटर सोडवला, मागच्या नळीत बोट घातलं आणि बोट माझ्या अंगठ्यावर घासलं. कचकच लागली, दातात वाळू यावी तशी. सिलिंडर उतरवला तर आत उभ्या रेघा. बोअर, ओव्हरसाइज पिस्टन, रिंगा मिळून साडेआठ हजार गेले. सर्व्हिस सेंटरचे वेगळे.

आता तुझं काम. प्लग घास, चोक पूर्ण बंद होतोय का बघ. मग कार्बोरेटरवरचा मिक्श्चरचा स्क्रू शोध. तो फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, बाहेर सोडलास की मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी होतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, तो आत घ्यायचा. इथेच लोक उलटं करून बसतात. पाव-पाव फेरा, आणि मूळ जागा किती होती ते फोनमध्ये लिहून ठेव. याने आयडलिंग आणि खालचा पिकअप सुधारेल. चढावर फुल थ्रॉटलला फरक हवा असेल तर एक नंबर लहान मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य भोक) बसव. पण मनाली उतरायच्या आत दोन्ही जसंच्या तसं कर, नाहीतर खालच्या दाट हवेत मिश्रण पातळ पडून इंजिन तापेल आणि पिस्टन धरेल.

मी मिस्त्री नाही, आणि माझी गाडी जुन्या इंजिनाची होती. तुझ्या मॉडेलला स्क्रू सीलबंद असेल तर उचकटू नकोस. तसाच जा, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर पोचतोस. ताकद कमी लागणारच, ते बिघाड समजू नकोस.

एक आणखी, विचारलं नाहीस तरी. चढावर अर्धा क्लच दाबून धरायची सवय असेल तर ती सोड. आणि रोज सकाळी लिव्हरला थोडा ढिलेपणा आहे ना बघ. केबल ताणलेली राहिली तर प्लेटा घसरतात, आणि तो जळका वास आला की उशीर झालेला असतो.

खारदुंगलाच्या जुन्या पाटीवर 18,380 फूट लिहिलेलं असायचं, प्रत्यक्षात खिंड 17,582 च्या आसपास भरते. फोटो पाटीबरोबरच काढ, घरी कोण मोजतंय! आधी मात्र स्क्रू कुठल्या बाजूला आहे त्याचा फोटो इथे टाक. उद्या रविवार आहे, मी घरीच आहे.