घरी अहिराणी, वर्गात इंग्रजी

प्रश्न : मी टीवायबीएला आहे, विषय इंग्रजी. गाव अमळनेरजवळ, घरी अहिराणी. इंग्रजीची शिक्षिका व्हायचं आहे. पण स्पोकन इंग्लिशच्या क्लासात मराठी शब्द निघाला की दंड, शिवाय उच्चार 'ब्रिटिश' हवेत म्हणतात. माझा हेल आड येईल का?

उत्तर : नाही. इंग्रजी फक्त इंग्रजीतूनच शिकवावं आणि शिकवणारा जन्मानेच इंग्रजीभाषक असावा, हा दंडक पक्का करण्यात १९६१मध्ये युगांडात इंग्रजी अध्यापनावर झालेल्या माकेरेरे परिषदेचा मोठा वाटा होता. अभ्यासकांनी तो केव्हाच खोडून काढलाय. क्लासवाल्यांपर्यंत बातमी पोचायची आहे.

उच्चारांवर मेहनत घे, पण नेमकी. 'शिप' आणि 'शीप' वेगळे ऐकू यावेत, 'स्कूल'चं 'इस्कूल' होऊ नये, वाक्यात योग्य शब्दावर जोर पडावा. हे चुकलं तर समोरच्याला अर्थच लागत नाही. 'थिंक'मधल्या 'थ'साठी जीभ दातांत धरत बसू नकोस.

वर्गात अहिराणी कशी वापरायची? चाळीस मिनिटांचा तास धर, विषय केळीची काढणी. पहिली दहा मिनिटं मुलं गटात हवं त्या भाषेत बोलतील : घड कोण उतरवतं, ट्रक कधी लागतो. मग पाच मिनिटांत फळ्यावर लागणारे शब्द : घडाला बंच, फणीला हँड. पुढची पंधरा मिनिटं जोडीने पाच इंग्रजी वाक्यं, उरलेली दहा वाचन आणि दुरुस्ती. विचार घरच्या भाषेत, लेखन इंग्रजीत.

घोटाळा होतो तो प्रत्येक वाक्याचं भाषांतर करून सांगण्यात. मुलं मग इंग्रजी ऐकतच नाहीत, मराठीची वाट बघत बसतात. 'वसाहतवाद नको' म्हणून स्पेलिंग-व्याकरण सैल सोडणं हाही आळसच. बोर्डाच्या पेपरात गुण मुलांचेच जातात. नंदुरबारकडे नेमणूक झाली तर तिथल्या भिली, पावरी बोलणाऱ्या मुलांना मराठीही परकीच असते. तिथे अहिराणी लादशील तर दंडवाल्या क्लासात आणि तुझ्यात फरक काय?

वाट सरळ आहे : सीईटी देऊन दोन वर्षांचं बी.एड., सहावी ते आठवीसाठी टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर दोन. अध्यापनशास्त्रात खोल जायचं असेल तर हैदराबादचं इफ्लू, म्हणजे इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ, बघ. खासगी इंग्रजी शाळेत डेमो लेक्चर घेतात. तिथे संस्थाचालकांशी हा वाद घालू नकोस. तास पूर्ण इंग्रजीतून घे, उदाहरणं मात्र केळीचीच दे.