कवितेतले शब्द, त्यांचा क्रम आणि सूर यांबद्दल रसग्रहणात नेमकं काय लिहायचं?

तुमचा प्रश्न असा आहे, की रसग्रहण लिहायला बसलं की 'समर्पक शब्दयोजना', 'ओघवती भाषा', 'भावपूर्ण सूर' यापुढे गाडी सरकत नाही. मग शब्द, वाक्यातला क्रम आणि सूर यांबद्दल लिहायचं तरी काय? नुसते नियम सांगून याचं उत्तर होणार नाही, म्हणून एक कविताच समोर ठेवतो. बालकवींची 'औदुंबर', अवघ्या ८ ओळींची:

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासांवळा झरा वाहतो बेटाबेटांतुन.
चार घरांचे गांव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गरदी पुढे.
पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुन चालली काळ्या डोहाकडे.
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

आधी ही मोठ्याने म्हणा, दोनतीनदा. अर्थ शोधायची घाई नको.

शब्दांच्या निवडीवर लिहायचं तर मला एकच युक्ती खरी उपयोगाची वाटते: एक शब्द काढायचा आणि त्याच वजनाचा दुसरा बसवून बघायचा. शेवटच्या ओळीत 'टाकुनी'च्या जागी 'सोडुनी' घाला. दोन्हींच्या मात्रा ५ (मात्रा म्हणजे उच्चाराला लागणाऱ्या वेळाचं माप: ऱ्हस्व अक्षराची १, दीर्घाची २, आणि पुढच्या जोडाक्षराचा जोर पडला तर ऱ्हस्वाचीही २), छंदाला धक्का लागत नाही. म्हणजे 'टाकुनी' हा शब्द छंदापायी नाइलाजाने आलेला नाही, तो निवडलेला आहे. पाण्यात पाय सोडून बसणं हे आपल्या रोजच्या बोलण्यातलं. त्यात गंमत आहे, जरा वेळाने उठून जाणं आहे. 'टाकुनी' म्हटल्यावर पाय पाण्यात पडले ते पडले, उचलण्याची इच्छाच उरलेली नाही. आणि झाड 'बसलं' असं कोण म्हणतं? झाडं उभी असतात. या दोन साध्या क्रियापदांनीच तो वृक्ष कुणीतरी होतो. 'जणू', 'जसा' असं काहीही म्हणावं लागत नाही.

'गोड काळिमा'चंही तसंच. तिथे 'गर्द' चालला असता, मात्रा तेवढ्याच. पण गर्द हा नुसता रंग झाला. एरवी मराठीत काळिमा फासला जातो, नावाला लागतो. त्याच्या शेजारी 'गोड' ठेवल्यावर तो अंधार हवासा होतो. अख्ख्या कवितेत आवडनिवड सांगणारा शब्द म्हणावा तर हा एवढाच.

आता क्रम. शेवटची ओळ गद्यात लिहा: 'असला औदुंबर जळात पाय टाकून बसला.' सगळं कळलं, आणि सगळं गेलं. कवितेत आधी पाय दिसतात, मग पाणी, मग बसणं, आणि कोण ते अगदी शेवटच्या शब्दात. शीर्षकातच त्याचं नाव वाचलेलं असतं, तरी ७ ओळी तो येत नाही. मधल्या ओळींतही हेच बघा. 'दाट' आणि 'गरदी' यांच्यामध्ये 'लागली' घुसलंय. गावाच्या ओळीत तर क्रियापदच नाही. गाव काही करत नाही, नुसतं तिकडे आहे. झरा वाहतो, पायवाट चालते, काळिमा पसरतो. बसतो तो फक्त औदुंबर.

मला या कवितेत सर्वांत जास्त आवडणारी गोष्ट मात्र मात्रा मोजल्याशिवाय हाती लागत नाही. प्रत्येक ओळीचा पहिला भाग ८ मात्रांचा, दुसराही ८ मात्रांचा, मग उरलेला तुकडा. 'निळासांवळा | झरा वाहतो | बेटाबेटांतुन.' शब्द जिथे संपतो तिथेच ठेका संपतो. ८पैकी ६ ओळी अशा आहेत. उरलेल्या दोन कोणत्या? पायवाटेच्या! 'पायवाट पां | ढरी तयांतुनि | अडवीतिडवी पडे' इथे 'पांढरी' मधोमध तुटतो, आणि पुढच्या ओळीत 'कुरणां | मधुन' तुटतो. वाट वाकडीतिकडी होते तेव्हा शब्दही ठेक्यावरून आडवातिडवा जातो. डोहाशी पोचल्यावर पुन्हा सगळं सरळ. हे कवीने ठरवून केलं की कानाने आपोआप झालं, याने मला फरक पडत नाही. ते ओळीत आहे, आणि बोट ठेवून दाखवता येतं.

सुराबद्दल लिहिताना 'उदास', 'प्रसन्न' असं विशेषण आधी ठरवू नका. बोलतोय कोण, कुणाशी, आणि काय बोलत नाही, ते बघा. याच कवीच्या 'आनंदी आनंद गडे'मध्ये भावनेचं नाव पहिल्याच शब्दात आहे आणि 'गडे' म्हणून हाक मारलेली आहे. 'औदुंबर'मध्ये 'मी' नाही, कुणाला हाक नाही, एकही उद्गारचिन्ह नाही. रंग तेवढे बदलतात: हिरवा, निळा, पांढरा, काळा. म्हणून सूर शांत, निरखणारा आहे असं म्हणता येतं, आणि त्याला पुरावा देता येतो. बालकवी १९१८ साली ऐन तारुण्यात रेल्वे अपघातात गेले, म्हणून काळ्या डोहात मृत्यू वाचणारे पुष्कळ आहेत. वाचायला हरकत नाही, पण आधी त्या 'गोड'चं काय करणार ते सांगा. कवीचं चरित्र शब्दांच्या नंतर यावं, असं माझं ठाम मत आहे.

परीक्षेत एवढं सगळं लिहायला वेळ नसतो. एकच शब्द आणि एकच ओळ घ्या, पण बदलून बघितलेली. आणि तुमची कविता मुक्तछंदातली असेल तर मात्रांच्या जागी ओळ कुठे तोडलीय ते तपासा: ती तोड काढून दोन्ही ओळी सलग लिहा, आणि काय हरवलं ते मांडा.