विधानसभेत पास झालेल्या कायद्यांचा तहसील कचेरीत खेटे घालणाऱ्या माणसाला काही उपयोग होतो का?

होतो, फक्त अर्जाची पोच हातात हवी. 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या अधिसूचित (म्हणजे सरकारने जाहीर केलेल्या) सेवा ठरलेल्या मुदतीत देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक केलंय. ‘साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या’ यावर ती पोच हेच औषध. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला, तर 30 दिवसांत पहिलं अपील करा, मग दुसरं. तिसरं राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे जातं. विनाकारण रखडवल्याचं ठरलं तर अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड, हेही कायद्यातच आहे. मात्र मुदत मोजतात ती सगळ्या कागदपत्रांसह पूर्ण अर्ज दिल्यापासून. एखादा कागद राहिला तर ती सुरूच होत नाही. सेवांची यादी कार्यालयातल्या फलकावर लावलेली असली पाहिजे, ती आधी बघा.