जर्मनीला जायचं तर ब्लू कार्ड की ऑपॉर्च्युनिटी कार्ड?
वाळूजला नोकरी, बी.ई. मेकॅनिकल, जर्मनीत कायमचं राहायचंय असं तुम्ही लिहिलंय. मग आधी सांगा, ऑफर लेटर हातात आहे का? असेल तर सरळ ब्लू कार्ड, म्हणजे पदवीधरांना नोकरीवर मिळणारा राहण्याचा परवाना. 2025 मध्ये त्याला वर्षाला किमान 48,300 युरो पगार लागत होता, इंजिनिअरसारख्या टंचाईच्या कामांना 43,759.80, हा आकडा दरवर्षी बदलतो. जर्मन भाषेची बी1 पातळी झाली की 21 महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, नुसत्या ए1वर, म्हणजे सुरुवातीच्या पातळीवर, 27. शिवाय बायकोला जर्मनचं सर्टिफिकेट मागत नाहीत.

ऑफर नसेल तरच ऑपॉर्च्युनिटी कार्ड. ते एक वर्ष नोकरी शोधायला असतं, तोवर आठवड्याला 20 तासच काम, आणि वर्षभराचा खर्च बहुधा आधीच ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, भरावा लागतो. काही एजंट यालाच ‘वर्क व्हिसा’ म्हणून विकतात. पैसे देऊ नका.

डिग्री आणि विद्यापीठ अनाबिनवर, म्हणजे परदेशी पदव्यांच्या जर्मन सरकारी यादीत, तपासा, विद्यापीठापुढे ‘एच+’ म्हणजे मान्यताप्राप्त, असं हवं. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी छापतात, अन् कित्येकांच्या पासपोर्टात सरनेमचा रकाना रिकामाच. नावांचा हा घोळ व्हिसाची अपॉइंटमेंट घ्यायच्या आधी निस्तरा.