नोटिशीला उत्तर देण्याआधी परवान्याची आवृत्ती पाहा

आपण पक्ष्यांची ओळख करून देणारे पुस्तक छापील आणि ई-बुक अशा दोन्ही रूपांत काढलेत. त्यासाठी बराचसा मजकूर विकिपीडियावरून थोडाफार बदलून घेतलात, छायाचित्रे विकिमीडिया कॉमन्स या खुल्या चित्रसंग्रहावरून उतरवून घेतलीत आणि शेवटच्या पानावर ‘स्रोत : विकिपीडिया’ एवढी एक ओळ टाकलीत. आता एका छायाचित्रकाराची भरपाई मागणारी नोटीस आली आहे, आणि जे सर्वांना मोफत आहे त्याचे पैसे कोणी कसे मागू शकतो, असे आपण विचारता. याच आशयाची पत्रे माझ्याकडे सतत येत असतात. तेथील बहुतांश साहित्य विक्रीच्या पुस्तकातही वापरता येते, याबद्दल वाद नाही आणि नोटीस देणाराही तो घालत नाही. त्याचे म्हणणे एवढेच आहे की, वापरण्याच्या अटी आपण पाळल्या नाहीत, आणि त्यात तथ्य दिसते.

आपल्या प्रकरणात निर्णायक ठरेल ते परवाना संपुष्टात येण्याविषयीचे कलम. तेथील बहुतेक साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे ठरावीक अटींवर कोणालाही वापरू देणाऱ्या तयार परवान्याखाली, दिलेले असते. या परवान्याची अट मोडली की तो आपोआप संपतो. कोणी तो रद्द केल्याचे कळवावे लागत नाही. मात्र ४.० या आवृत्तीच्या सहाव्या कलमात एक सवलत आहे. अटभंग आपल्या लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत तो दुरुस्त केला, तर गेलेला परवाना दुरुस्तीच्या तारखेपासून आपोआप परत मिळतो. ३.० आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत ही सवलत नाही; तेथे हक्कधारकाची स्पष्ट परवानगी घ्यावी लागते. नोटीस हाती पडली त्या दिवशी अटभंग आपल्याला कळला, असेच समोरचा वकील धरणार. त्या नोटिशीला तीन आठवडे उलटून गेल्यावर आपण मला लिहीत आहात. ती टेबलावर पडून होती तेव्हाही मुदत चालूच होती. न्यायालयीन तारखांसारखी ती पुढे ढकलून मिळत नाही.

म्हणून आजच त्या छायाचित्राचे कॉमन्सवरील पान उघडा आणि वर्णनाखालील परवान्याच्या चौकटीत कोणता आकडा आहे ते पाहा. विकिपीडियाच्या मजकुराचा परवाना २००९ ते २०२३ या काळात ३.० होता आणि जून २०२३ पासून तो ४.० झाला, पण त्यावरून छायाचित्राचा परवाना ठरत नाही. कॉमन्सवरील प्रत्येक फाइलचा परवाना वेगळा असतो. काही फाइलींवर एकाहून अधिक परवाने असतात आणि त्यांपैकी सोयीचा निवडण्याची मुभा असते, त्यामुळे पहिलीच ओळ वाचून पान बंद करू नका. त्या पानाचा इतिहासही पाहा, म्हणजे आपण फाइल उतरवली तेव्हा तेथे काय लिहिले होते ते कळेल. ते पान त्याच वेळी जतन करून ठेवले असते, तर हा शोध घ्यावा लागला नसता.

परवाना ४.० असेल तर दुरुस्ती नीट आणि पूर्ण करा. छायाचित्रकाराने सांगितलेल्या पद्धतीने त्याचे नाव, मूळ पानाचा पत्ता, परवान्याचे नाव व दुवा आणि चित्र कापले किंवा त्याचे रंग बदलले असल्यास तसा उल्लेख, एवढे यायला हवे. विकिपीडियाच्या मजकुरासाठी संबंधित लेखाचा दुवा दिला तरी श्रेय पुरते, पण चित्रासाठी ‘स्रोत : विकिपीडिया’ ही ओळ कोणत्याही आवृत्तीत पुरेशी नाही. बदल करून घेतलेली प्रकरणे त्याच परवान्याखाली खुली ठेवावी लागतात. त्यामुळे पहिल्या पानावरचे ‘सर्व हक्क राखीव’ हे शब्द फक्त आपल्या स्वतःच्या लेखनापुरते मर्यादित करा. ई-बुकला कॉपी करण्यापासून रोखणारे कुलूप असेल तर तेही काढा; वाचकाला परवान्याने दिलेले हक्क तांत्रिक उपायाने अडवणे हाही अटभंगच आहे. न विकलेल्या छापील प्रती दुरुस्तीची चिठ्ठी लावल्याशिवाय बाहेर पाठवू नका. प्रत्येक बदलाचा तारखेसह पुरावा ठेवा.

परवाना ३.० किंवा त्याहून जुना असेल, तर ते चित्र ताबडतोब काढून टाका आणि छायाचित्रकाराशी तडजोडीचे बोलणे सुरू करा. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनकडे परवानगी मागण्यात वेळ दवडू नका. साहित्याचा हक्क ते देणाऱ्या योगदानकर्त्याकडेच राहतो.

परवाना परत मिळाला म्हणून मागचा हिशेब मिटत नाही, हे त्याच कलमात स्पष्ट लिहिले आहे. आधी झालेल्या भंगाची भरपाई मागण्याचा छायाचित्रकाराचा हक्क कायम राहतो. ती किती असेल आणि आधीच विकलेल्या प्रतींचे काय होईल, हे लागू असलेल्या कायद्यावर आणि पुराव्यावर अवलंबून आहे, त्यामुळे कागदपत्रे पाहिल्याशिवाय मी आकडा सांगणार नाही. नोटिशीतील रक्कम ही मागणी आहे, निकाल नव्हे. दुरुस्ती पूर्ण करून, तिचे पुरावे जोडून, रकमेबाबत काहीही मान्य न करता मुदतीच्या आत लेखी उत्तर पाठवा आणि पाठवण्यापूर्वी त्याचा मसुदा आपल्या वकिलांना दाखवा.